सतराव्या बारातली जागा

२ मार्च १९९४, बुधवार

पोहोचलो एकदाचा. नंदिगड्ड्याच्या थांब्यावर माझ्याआधी माझा कीबोर्ड उतरला. बसचा कंडक्टर परशू आमच्या खानापूरकडचाच निघाला, म्हणून रामनगरपासून कीबोर्डला खिडकीजवळ बसायला मिळालं आणि मला दांडा धरून उभं राहायला. नवी नवरी आणल्यासारखे जपताय, असं परशू म्हणाला. मी म्हटलं, नवरी जपानची आहे, रुसली तर समजूत घालणारा इकडे कोणी नाही.

काम असं आहे. रामनगरला रामचंद्रशेठचं कॅसेटचं दुकान आहे. त्यांच्या डोक्यात आलं, की इथल्या कुणब्यांची होळीच्या शिगम्याची गाणी नव्या साजात आणली तर गोव्याला जाणारा प्रत्येक ट्रकवाला कॅसेट घेईल. साज म्हणजे मी. वाडीत महिनाभर राहायचं, गाणी ऐकायची, कीबोर्डच्या रेकॉर्डरवर संगीत पक्कं करायचं. गाणारे नंतर बेळगावला येऊन त्यावर गातील.

थांब्यापासून वाडी अर्ध्या तासाची वाट. मेळाचे म्होरके नागूमामा न्यायला आले होते. साठीचा माणूस, पण कीबोर्ड डोक्यावर घेऊन चढण असा चढला, की रिकाम्या हाताने मीच मागे पडलो. राहायला त्यांचीच पडवी. शेणाने सारवलेली, गार. केशरमावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कणगीच्या कंदाची भाजी आणि भात वाढला आणि मी लाजून नको म्हटलं तरी पुन्हा वाढला. विजेचा खांब वाडीत आलाय, तार यायची आहे. म्हणून मी सहा-सहा मोठ्या सेलांची चार पाकिटं घेऊन आलोय.

ही वही कमलने दिली. रोज लिहा, आल्यावर मी वाचीन आणि बाळालाही वाचून दाखवीन, म्हणाली. सातवा लागलाय. याआधी दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला, त्यामुळे आम्ही दोघंही मोठ्याने काही बोलत नाही. पण वहीत लिहायला हरकत नाही. मला फार आनंद झालाय.

३ मार्च, गुरुवार

सकाळी अंगणात मेळ बसला. घुमट हे यांचं मुख्य वाद्य. मातीचा घट, तोंडावर ताणलेलं कातडं. एक हात कातड्यावर, दुसरा मागच्या भोकावर, आणि आवाज असा की पोटात ऐकू येतो. असा आवाज माझ्या जपानी बाईकडे नाही. जवळपासचं काहीतरी शोधावं लागेल.

आठ वादक आणि नऊ घोंगड्या. गोल करून बसतात आणि एक घोंगडी रिकामी ठेवतात. मी आपला दमून तिच्यावर टेकायला गेलो तर केशरमावशींनी कोपराला धरून उठवलं. पाहुण्याला असं उठवणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं. पण लगेच पाट दिला आणि वर गूळपाणीही दिलं, तेव्हा राग धरायला सवड मिळाली नाही.

गाणं सुंदर आहे. फक्त मध्ये एका ठिकाणी सगळ्यांचे हात थांबतात. चार मात्रा. कोणी गात नाही, कोणी वाजवत नाही, मग एकदम सगळे पुन्हा सुरू. मला वाटलं विसरले. दुसऱ्यांदाही तिथेच विसरले. तिसऱ्यांदाही.

५ मार्च, शनिवार

आजवर ज्यांच्याबरोबर वाजवलं त्या सगळ्यांनी मला एकच नाव ठेवलं, चुकाशोधे. नाटकाला साथ करताना गाणारीचा श्वास पाव मात्रा लांबला तरी माझी मान वळते. म्हणूनच हे यंत्र मला देवाने दिल्यासारखं वाटतं. आधी सगळं गाणं वाजवून साठवायचं. चार मात्रांचा एक बार, आणि पडद्यावर बाराचा आकडा दिसतो. चूक ज्या बारात असेल त्याचा आकडा टाकायचा, बटण दाबायचं. गाणं आपोआप चालू होतं, तो बार आला की माझी बोटं उमटतात, संपला की दार बंद. आजूबाजूला धक्का नाही. जुनं मात्र पुसलं जातं, ते परत मिळत नाही. आयुष्यात अशी सोय असती तर माणसं एकमेकांशी भांडली नसती.

आज चौथा, नववा आणि बाविसावा बार दुरुस्त केला. राहिला सतरावा. ती रिकामी जागा तिथेच येते. मेळाच्या मागे जाता जाता मीही तिथे हात उचलले होते, त्यामुळे गाण्याला मधोमध दात पडल्यासारखं झालंय.

नागूमामांना विचारलं. ते घुमटाचं कातडं उन्हाला धरून बसले होते. म्हणाले, त्यांच्या पणज्याच्याही आधी या मेळातला एक जण मध काढायला रानात गेला तो आला नाही. त्याचं नाव घेत नाहीत. त्याचं घुमट मात्र रानातून ऐकू यायचं. तेव्हापासून त्याला गाण्यात चार मात्रा दिल्या आहेत.

"त्या आमच्या न्हाईत, मास्तर. त्येच्या हायेत. जागा दिली तर त्यो बसतो, वाजवतो, जातो. न्हाई दिली तर कुठंबी बसतो."

मी मान डोलावली. एका पिढीने विसरायचं आणि पुढच्या पिढीने त्याची रीत करायची, हे मी आमच्या देवळातल्या भजनातही पाहिलंय.

६ मार्च, रविवार

दिवसभर प्रयत्न केला, पण तो दात डोळ्यासमोरून हलेना. ट्रकवाला काय म्हणेल, कॅसेट खराब आहे. रामचंद्रशेठ काय म्हणतील, मास्तर झोपला होता. शेवटी दुपारी मेळ शेतावर गेल्यावर सतराचा आकडा टाकला. सोळा गेला आणि मी चार मात्रांत असा काही भरणा केला, की माझं मलाच हसू आलं. इतकी स्वच्छ जागा मी उभ्या जन्मात वाजवलेली नाही.

टेपरेकॉर्डर जोडून गाणं कॅसेटवर उतरवलं आणि चिठ्ठी लिहिली: कमल, हे ऐक, आणि पोटातल्यालाही ऐकव. बापाची लय आधीपासून कानावर पडू दे. उद्या परशूच्या हाती देईन.

८ मार्च, मंगळवार

नागूमामांना गाणं ऐकवलं. खूश होऊन मान हलवत होते. सतरावा आला आणि मान थांबली. गाणं संपेपर्यंत बसले, मग उठून आत गेले. जेवायला आले नाहीत. मला वाईट वाटलं, रागही आला. मी एवढी मेहनत केली आणि माणूस एक शब्द बोलत नाही म्हणजे काय?

दुपारी केशरमावशी अंगणात भात कांडत होत्या. मी पडवीत. सवयीने मात्रा मोजत होतो. मुसळ छान लयीत पडत होतं, आणि थांबलं. चार मात्रा. त्या चार मात्रांत घराच्या मागून, रानाच्या बाजूने, चार ठोके आले. मग पुन्हा इकडचं मुसळ. मी विचारलं, मागे कोण कांडतंय? मावशी हातातल्या मुसळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, मागं आमचं घर न्हाई, कुनाचंच न्हाई.

९ मार्च, बुधवार

आज मुसळ नऊ वेळा थांबलं. मी मुद्दाम मोजलं. मावशींनी शेवटी ते भिंतीला उभं केलं आणि शेजारी कांडायला गेल्या. थोड्या वेळाने शेजारचंही थांबलं.

उगाच वाद नको. त्यांचा मान राहावा म्हणून सतरावा पुन्हा रिकामा करायचं ठरवलं. सोपं आहे. आकडा टाकायचा आणि तो बार येऊन जाईपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. तसंच केलं. भरणा पुसला गेला.

मग ऐकलं. रिकाम्या बारात घुमट वाजलं. चार ठोके.

त्या आवाजाचं बटण या कीबोर्डवर नाही.

११ मार्च, शुक्रवार

तीनदा पुन्हा रिकामा केला. तीनदा वाजलं. दर खेपेला जरा जवळून.

परशूने कमलचं पत्र आणून दिलं. रोज दुपारी गाणं लावते म्हणे. लावलं की स्वारी आत नाचायला लागते, फक्त एका ठिकाणी अगदी गप्प होते आणि मग पुन्हा चालू. "तुमच्यासारखंच चोखंदळ दिसतंय," असं लिहिलंय. "तिथे काही चुकलं असेल तर बघा."

पहिल्यांदा वाचून हसलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा सतरावा आठवला. लगेच उलट चिठ्ठी लिहिली, कॅसेट लावू नकोस, आवाज बरोबर आलेला नाही, नवी पाठवतो. उद्या सकाळच्या बसने जाईल.

१३ मार्च, रविवार

नागूमामा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आज सकाळी नारळ घेऊन एकटेच रानात गेले आणि दुपारी आले. माझ्याजवळ बसले. माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला.

त्यांच्या छातीत ठोके चालले होते, ते थांबले. एक, दोन, तीन, चार. आणि त्या चारांत माझ्या तळव्याखाली दुसरंच काहीतरी वाजलं. खोल, मातीच्या घटातून आल्यासारखं.

"घाबरू नका, मास्तर," म्हणाले. "इथंच बसू दे आता."

मी माफी मागितली. त्यांनी हात सोडला नाही.

१५ मार्च, मंगळवार

दुपारी बारा वाजता मेळ बसला. मी पाटावर. नववी घोंगडी रिकामी. सगळे सतराव्या बाराशी आले आणि रोजच्यासारखे थांबले. चार मात्रा झाल्या. सगळ्यांनी पुन्हा हात टाकला, नागूमामांचा पडला नाही. डोळे उघडे, दोन्ही हात घुमटावर, पाठ ताठ. मेळ तसाच पुढे तीन-चार बार वाजवत गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त माझ्या आलं. मी मोजत होतो ना.

माझ्या हातून माणूस गेला. कोणी तसं म्हणालं नाही. केशरमावशींनी पाणी घेऊन आलेल्या बायकांना सांगितलं, मास्तरांनी सकाळपासून खाल्लं न्हाई, त्यांना आधी द्या.

१६ मार्च, बुधवार

सगळं गाणं पुसलं. सेल काढले. कीबोर्ड चादरीत गुंडाळून ठेवला. शेजारी कांडताहेत. मुसळ अजून थांबतंय. म्हणजे नागूमामांच्या छातीत तो बसला नाही. नुसता टेकून गेला.

१८ मार्च, शुक्रवार

परशूच्या हातची चिठ्ठी. कमलचं अक्षर नाही, सासऱ्यांचं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळकांडं लावून ठोके ऐकले. चांगले चालतात, मध्येच थांबतात, पुन्हा चालतात. पुन्हा पुन्हा ऐकलं. घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, पण बेळगावला न्यायला सांगितलं आहे. किती वेळ थांबतात ते त्यांनी लिहिलेलं नाही.

मला माहीत आहे किती वेळ.

१९ मार्च, शनिवार

पहिल्या बसने रामनगर. रामचंद्रशेठच्या दुकानातून खानापूरला फोन. कमल बोलली. कॅसेट आठवड्यापासून बंद आहे, तरी तेच. आता थांबतं ते जास्त वेळ थांबतं, म्हणाली. मी म्हटलं, मोज. ती रडली. मग म्हणाली आठ, मी आठ मोजले. तुम्ही या.

येतो म्हटलं. खानापूरची गाडी समोर उभी होती. पायरीवर पाय ठेवला, आणि गाडीचं धडधडणारं इंजिन थांबलं. चार मात्रा. मागच्या सीटखालून घुमट. इंजिन पुन्हा चालू. ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही.

माझ्याबरोबरच येतोय. मी गेलो तर त्याला घरच्या दारापर्यंत नेईन. उतरलो. नंदिगड्ड्याची बस धरली.

२० मार्च, रविवार

केशरमावशींच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. कॅसेटचं, बाळाचं, सगळं. कपाळावर कुंकू नाही त्यांच्या. त्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बोलल्या.

"ह्यांनी आपली जागा दिली व्हती. त्येनं घेतली न्हाई. त्येची जागा भरली तू, ह्यांनी न्हाई. घेतलेली जागा परत द्यायला येत न्हाई, बाबा. दुसरी द्यावी लागती. आपली. नाव घेऊन."

विचारलं, दिली की बाळाला सोडेल? म्हणाल्या, सोडंल, आपली जागा मिळाली की त्यो तिथनं हलत न्हाई. विचारलं, पुन्हा कधी उठवता येईल? म्हणाल्या, कुणा दुसऱ्याचं नाव घेतलंस तर उठंल. आणि तोंड फिरवून चुलीकडे बघत राहिल्या.

२१ मार्च, सोमवार

सकाळी सेल घातले. शेवटचं पाकीट. गाणं पहिल्यापासून वाजवून साठवलं. बऱ्याच चुका झाल्या. एकही दुरुस्त केली नाही. फक्त सतराचा आकडा टाकला आणि बटण दाबलं.

चौदा. पंधरा. सोळा.

दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून छातीवर ठेवले. माझं नाव घेऊन, चार मात्रांत मावेल एवढंच म्हणालो. वासुदेव. इथे बस.

लागलीच काही झालं नाही. ऊन होतं. केशरमावशी दारात उभ्या होत्या. मग शेजारचं मुसळ ऐकू आलं. ऐकत राहिलो, शंभर मोजले, दोनशे मोजले. एकदाही थांबलं नाही.

२३ मार्च, बुधवार

परशू बस थांब्यावर उभी करून वाडीपर्यंत पळत आला, प्रवासी ओरडत असतील. फोनवरचा निरोप. बेळगावच्या डॉक्टरांनी अर्धा तास ठोके ऐकले. सरळ. एकदाही थांबले नाहीत. सासऱ्यांनी पेढे वाटले. कमल विचारते, तुम्ही कधी येता?

मी परशूला मिठी मारली. तो दचकून मागे झाला. माझ्या छातीकडे बघत राहिला. मास्तर, आत काय वाजतंय, म्हणाला.

काही नाही, तू जा. प्रवासी खोळंबलेत.

२४ मार्च, गुरुवार

सकाळी चार. दुपारी आठ —

दुखत नाही. ठोका थांबतो तेव्हा अंगणातले आवाज फार स्पष्ट येतात. आणि मग तो. हात चांगला आहे त्याचा. खोटं कशाला लिहू, माझ्यापेक्षा चांगला आहे.

घरी जायचं नाही. बाळाजवळ तर नाहीच. तिकडे गेलो आणि भीतीने तोंडातून कोणाचं नाव निघालं तर —

केशरमावशींनी नववी घोंगडी पडवीत आणून अंथरली. काही बोलल्या नाहीत. मी बसलो. या वेळी उठवलं नाही.

२५ मार्च, शुक्रवार

बारा.

एका हातात पेन, दुसरा गळ्याशी, नाडीवर. मोजतोय. सवय.

दुरुस्त करता येईल, हे माहीत आहे. एक नाव घ्यायचं. शेठचं, परशूचं, कोणाचंही — एवढीशी दुरुस्ती, आणि आजूबाजूला धक्का नाही —

नाही. ही राहू द्यायची.

सोळा. डोळ्यांपुढे

परत आले ठोके. थोडेच. पटकन लिहितो. केशरमावशी, ही वही परशूकडे द्या. कीबोर्ड नका देऊ.

कमल, मला राग नाही, भीती आहे, आणि आनंद पण आहे — तिन्ही एकदम — बाळ सरळ वाजतंय ना

पुन्हा थांबलं. चार. आठ. बाहेर ऊन. मेळ अंगणात बसलाय. बारा. ते पण सतराव्याशी आले, हात उचललेत सगळ्यांनी, माझ्याकडे बघताहेत. सोळा. वाजतंय, छान लयीत. वीस. कमल, त्याला लय शिकवशील तेव्हा सगळं भरू नको म्हणावं, मध्ये थोडी जागा